पाच घरांची परडी

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या भाकरी उरकल्या की आई गळ्यात कवड्यांची माळ घालायची, परडीला हळदकुंकू लावायची आणि जोगवा मागायला निघायची. आमचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. जळकोटच्या शिवारात चार एकर कोरडवाहू रान, ज्वारी-तुरीचं पीक, दारात बैलजोडी. पण तुळजाभवानीच्या नावानं परडी घेतलेली बाई कितीही घरंदाज असली तरी तिला जोगवा मागावा लागतो. आईनं पाच घरं धरली होती. प्रत्येक घरातून मूठभर पीठ. एखादी नवी सून सूप भरून दाराशी आली तर आई तिचा हात धरायची, "मूठभर घाल बाई. पुढच्या घराला बी जागा ऱ्हाऊ दे." आणि जोगवा घालणारीच्या कपाळाला कुंकू लावल्याशिवाय ती कधी पायरी उतरली नाही.

मी आठवीत असताना शाळेतल्या मैत्रिणीचं घर आलं की लिंबाच्या झाडाआड थांबायचे. आईनं ते ओळखलं होतं. एकदा परतताना तिनं विचारलं, "लाज कशाची वाटती गं? मी काय माझ्या पोटाला मागती का?"

त्यावर मला काही बोलता आलं नाही. पुढं माझ्या नोकरीनंच मला त्या प्रश्नासमोर आणून बसवलं. गेली कित्येक वर्षं मी पुण्यात गायन, वादन, नृत्य आणि नाट्य शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी देणग्या मागते. मागणं हेच माझं काम आहे.

बी.कॉम. होऊन २००९ साली मी या संस्थेत हिशोब लिहायला लागले. पावती पुस्तकं, फीच्या नोंदी, वीजबिल, साथीदारांचं मानधन. तीन वर्षांनी निधी संकलनाचं आणि देणगीदारांशी संबंध ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच महिन्यात भोसरीच्या एका कारखानदारांकडे गेले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "साहेब, थोडा त्रास देते." त्यांनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. किती मुलं शिकतात? त्यातल्या किती जणांना फी परवडत नाही? एका मुलाला वर्षभर शिकवायला संस्थेला नेमका किती खर्च येतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दिली. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि हिशोब तर तीन वर्षं मीच लिहीत होते.

परत आल्यावर तीन आठवडे मी तोच एक आकडा काढत बसले. गुरुजींचा पगार मुलांमध्ये विभागणं सोपं होतं. पण नृत्याच्या वर्गाला तबलजी लागतो, पेटीवाला लागतो. गाण्यात एका गुरुजींसमोर चार-पाचांच्या वर मुलं बसवली तर शिकवणं होत नाही. गणिताच्या वर्गात साठ बसतात. वसतिगृहातल्या मुलांचं जेवण, पहाटेच्या रियाजासाठी लागणाऱ्या वेगळ्या खोल्या, वाद्यांची देखभाल. सगळं मांडल्यावर दिसलं की फीमधून निम्माही खर्च निघत नाही. म्हणजे जो पूर्ण फी भरतो तोही कुणाच्या तरी देणगीवर शिकत असतो. तो कागद घेऊन मी पुन्हा भोसरीला गेले. या वेळी 'त्रास देते' हे शब्द तोंडात आले नाहीत. त्यांनी दोन मुलांचा वर्षाचा खर्च उचलला.

आमच्या कार्यालयात पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा फोटो आहे. संगीत शाळांमधून तो बहुतेक ठिकाणी असतो, म्हणून कुणाचं फारसं लक्ष जात नाही. या कामात आल्यावर मी पलुसकरांचं चरित्र त्यांच्या जमाखर्चाच्या बाजूनं वाचलं. कुरुंदवाडात जन्मलेला, लहानपणी फटाक्याच्या अपघातानं दृष्टी अधू झालेला हा मुलगा मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, आणि ५ मे १९०१ रोजी दूर लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं तोवर राजेरजवाड्यांच्या पदरी होतं. एका संस्थानिकाची मर्जी असली की गवयाची चूल पेटायची, मर्जी फिरली की विझायची. पलुसकरांनी गाण्याची शाळा लोकांच्या पैशावर उभी केली: जाहीर जलशांची तिकिटं, वर्गणी, देणग्या, हौशी विद्यार्थ्यांची फी. आणि जे शिष्य पुढं हीच विद्या शिकवायला बाहेर पडणार होते, त्यांच्या राहण्याजेवणाचा भार शाळेनं उचलला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांच्याच शिष्यांची नावं.

१९०८ साली विद्यालय मुंबईत आलं. तिथं स्वतःची इमारत उभी राहिली ती कर्ज काढून. कर्ज फेडण्यासाठी पलुसकर गावोगाव जलसे करत हिंडले. गळा एक, त्यावर व्याज चढतंय, आणि त्याच पैशांतून शिष्यांचं जेवणही भागवायचं. १९२४ साली धनकोंनी इमारत जप्त करून लिलावात काढली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. देशभर मान असलेला माणूस, हजारो श्रोते, आणि छप्पर लिलावात.

पण गोष्ट तिथं संपली नाही, आणि माझ्या दृष्टीनं खरा धडा पुढंच आहे. १९३१ साली पलुसकर गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. पुढच्या वर्षी विनायकबुवांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आज गावागावांत मुलं ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. लिलाव विटांचा झाला होता. शिष्य गावोगाव विखुरले होते, आणि प्रत्येकानं आपापल्या गावी आपापला लोकाश्रय उभा केला. एका घराचा आधार सुटला तरी विद्या उरली, कारण ती अनेक घरी पोचलेली होती.

दुसरं उदाहरण पंडित भातखंड्यांचं. १९२६ साली लखनौला त्यांच्या पुढाकारानं संगीत महाविद्यालय निघालं, त्यामागं सरकारचा आणि तिथल्या तालुकदारांचा आधार होता. नाव दिलं प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचं. आज ती संस्था भातखंड्यांच्या नावानं ओळखली जाते. देणगीदार जेव्हा मला विचारतात, "पाटीवर आमचं नाव कायम राहील ना?" तेव्हा मला ही गोष्ट आठवते. नाव लावायला माझी ना नाही. आमच्याकडे सप्ताहात पंगत देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात, लग्नात आहेरही पुकारतात. दिलेलं चारचौघांत सांगितलं जावं ही इच्छा आपल्या मातीतली आहे, तिला तुच्छ लेखायचं कारण नाही. मी फक्त एवढंच सांगते की पाटी लावू, आणि शिवाय तुमच्या पैशांवर शिकलेलं मूल काय गातं ते दरवर्षी तुम्हाला ऐकवू.

लोक काय द्यायला तयार होतात आणि संस्थेला काय हवं असतं, यांतलं अंतर मी लहानपणीच पाहिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. किल्लारी आणि सास्तूर आमच्यापासून लांब नाहीत. जळकोटची भांडीसुद्धा फळीवरून खाली आली होती. नंतर कितीतरी दिवस आमच्या गावावरून जाणाऱ्या हैदराबाद रस्त्यानं मदतीचे ट्रक उमरग्याकडे जात होते. धान्य, ताडपत्र्या, औषधं. आणि जुन्या कपड्यांची गाठोडी, जी पुढं रस्त्याकडेला तशीच पडलेली मी पाहिली. पाठवणाऱ्यांचं मन खोटं नव्हतं. कुणाला काय लागतंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

संगीत शाळेत ही गत तानपुऱ्याची होते. तानपुरा भेट द्यायला माणसं आनंदानं पुढं येतात. पंढरपूरकडच्या रानात पिकलेला भोपळा, मिरजेच्या कारागिराचा हात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्याचा मान आणखी वाढला आहे. फोटोही छान येतो. पण तानपुरा वाजत ठेवायचा तर घोडीवरची जवारी, जिच्यामुळं तार झंकारते, ती पुन्हा पुन्हा लावून घ्यावी लागते, तारा बदलाव्या लागतात. तबल्याची शाई उडते, पुडी बदलावी लागते, पेटीचे सूर उतरतात. यासाठी देणगी मागायला गेलं की समोरचा गप्प होतो. पगार, वीजबिल, जवारी हे दिसत नाही.

एकदा मी एका आजोबांना समारंभाचं आमंत्रण द्यायच्या ऐवजी पहाटे साडेपाचला संस्थेत बोलावलं. तानपुरा देण्याची त्यांची इच्छा होती. वसतिगृहातली मुलं खर्जाचा रियाज करत होती. एका खोलीत जवारी गेलेला तानपुरा होता, दुसऱ्या खोलीत नुकतीच जवारी लावलेला. मी काही समजावलं नाही. दोन्ही खोल्यांत दहा-दहा मिनिटं बसवलं. दुसऱ्या खोलीत तार छेडली की सूर पसरत जायचा, त्यातून गंधार आपोआप ऐकू यायचा, आणि मुलाचा षड्ज त्यावर अलगद टेकायचा. आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "नवा नको. आहेत ते सगळे बोलते ठेवा. दरवर्षी काय लागेल ते माझ्याकडून घ्या." तेव्हापासून आमच्या यादीत 'जवारी निधी' असं एक खातं आहे. माझ्या कामातल्या सगळ्या खात्यांत मला ते जास्त प्रिय आहे.

आता माझी चूक सांगते. एका निवृत्त शिक्षकांनी पत्नीच्या स्मरणार्थ आयुष्यभराच्या बचतीतली रक्कम कायम निधीत दिली होती. व्याजातून दरवर्षी एका मुलीला शिष्यवृत्ती मिळायची होती. दुसऱ्या वर्षी आम्ही सगळ्या देणगीदारांना छापील पत्रं पाठवली. याद्या एकत्र करताना माझ्या हातून नाव चुकलं, आणि पत्र गेलं ते त्या दिवंगत बाईंच्या नावानं: 'आपण यंदाही भरघोस मदत कराल अशी आशा आहे.' सर रागावले नाहीत. रिक्षा करून कार्यालयात आले, पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तिच्या नावानं पत्र आलं म्हणून आधी फार बरं वाटलं. मग वाचलं."

मी त्यांच्या पाया पडले, पण तेवढ्यानं ते फिटणारं नव्हतं. त्या दिवसापासून देणगीदारांची वही मी स्वतःच्या हातानं लिहायला लागले. कुणाच्या स्मरणार्थ, कोणत्या तिथीला, कुणाशी काय बोलणं झालं, घरात कोण आजारी आहे. संगणकातली यादी पावतीपुरती. ही वही माणसांसाठी. शिवाय एक नियम केला की वर्षातली तीन पत्रं काहीही न मागता जातील. एकात हिशोब, एकात मुलांची प्रगती, आणि एक ज्या मुलाला मदत झाली त्यानं स्वतः लिहिलेलं. आईचं कुंकू लावणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मूठभर पीठ घेतलं की घालणारीचा मान जागच्या जागी परत करायचा. तो द्यायचा राहिला तर जोगवा पुरा होत नाही.

या कामात कायद्याचा भाग मोठा आहे आणि तो चोख ठेवणं हाही देणगीदाराचा मानच आहे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब वेळेवर जायला हवा. आयकरातली ८०-जीची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वरची रोख चालत नाही, हे मी देणाऱ्याला आधीच सांगते. नंतर सांगितलं तर तो फसवल्यासारखा होतो. २०२१-२२पासून प्रत्येक देणगीची नोंद आयकर खात्याकडे भरून १०-बीई प्रमाणपत्र काढावं लागतं. सगळ्यांत अवघड जातं ते परदेशातल्या मराठी माणसांना नाही म्हणणं. अमेरिकेत स्थायिक झालेली एक माजी विद्यार्थिनी गुरुपौर्णिमेला मोठी रक्कम पाठवायला निघाली होती. ती तिकडची नागरिक झालेली, म्हणून तिचे पैसे परदेशी योगदान ठरतात, आणि त्यासाठीची एफसीआरए नोंदणी आमच्याकडे तेव्हा नव्हती. भारतीय पासपोर्ट असलेल्या तिच्या बहिणीची देणगी घेता आली, तिची नाही. ती फोनवर रडली. मी तिला म्हटलं, पैसे राहू दे, वेळ दे. ती दर शनिवारी आमच्या मुलींना ऑनलाइन अभिनय शिकवू लागली.

सगळ्यांत मोठी परीक्षा २०२०ची होती. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. त्यासाठी मान्य असलेल्या कामांत कला आणि संस्कृतीही आहे. आमच्या शिष्यवृत्त्यांचा निम्म्याहून मोठा भाग अशा एका कंपनीकडून येत होता. त्या एका पत्रानं वर्षभराची चिंता मिटायची, म्हणून मी छोट्या देणगीदारांकडे जाणं हळूहळू कमी केलं होतं. हा दोष सर्वस्वी माझा. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. महिनाअखेरीस पीएम केअर्स निधी उभा राहिला आणि त्यात दिलेले पैसे कंपन्यांच्या या समाजकार्याच्या खर्चात, म्हणजे सीएसआरमध्ये, धरले जातील असं सरकारनं जाहीर केलं. कंपनीनं कळवलं की यंदा सगळी मदत कोरोनाच्या कामाला जाईल. त्यांचा निर्णय योग्यच होता. माणसं मरत होती. पण वसतिगृहातली मुलं आपापल्या गावी गेली होती, त्यांच्या घरचे रोजगार बंद होते, आणि लग्नाच्या सुपाऱ्यांवर जगणाऱ्या आमच्या साथीदारांच्या हातात एक पैसा येत नव्हता.

मी तेव्हा जळकोटला अडकले होते. आईला सगळं सांगितलं. ती तुरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकाच घरी परडी भरून घेतलीस तू."

त्या संध्याकाळी मी माझी वही उघडली. ओसरीवर बसून दिवसाला पाच फोन करायचे ठरवले. पाचच, म्हणजे प्रत्येकाशी नीट बोलता येईल. पहिले तीन फोन केवळ चौकशीचे झाले. तिन्ही घरी कुणी ना कुणी आजारी होतं. मागितलं नाही. चौथ्या घरी एका शिंपीकाकांनी स्वतःच विचारलं, "तबलजींचं कसं चाललंय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी दर महिन्याला ३०० रुपये पाठवायचं कबूल केलं. स्वतःचं दुकान बंद असताना. पत्नीच्या नावानं निधी दिलेल्या सरांनी पेन्शनमधून दोन साथीदारांचं किराणा सामान भरलं. पूर्वी आमच्याकडे शिकलेल्या आणि आता गावोगाव वर्ग चालवणाऱ्या मुलामुलींनी १००-२०० रुपये पाठवले. गोंधळ्याच्या घरातला एक मुलगा, जो स्वतः आमच्या शिष्यवृत्तीवर शिकत होता, त्यानं कळवलं की माझा हप्ता दोन महिने थांबवा, आधी गुरुजींचं बघा. तो हप्ता आम्ही थांबवला नाही, पण त्याचा निरोप मी वहीत लिहून ठेवला आहे.

जूनपर्यंत साथीदारांचं अर्धं मानधन सुरू झालं, दिवाळीपर्यंत पूर्ण. एकाही मुलाची शिष्यवृत्ती तुटली नाही. ती कंपनी दोन वर्षांनी परत आली, आणि मी आनंदानं स्वागत केलं. पण आता आमचा नियम आहे की कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा शिष्यवृत्तीच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही. विश्वस्त मंडळात यावर वाद झाला. मोठी रक्कम समोर असताना ती वेगळ्या कामाकडे वळवायची किंवा कायम निधीत ठेवायची, हे पटायला वेळ लागला. मी त्यांना परडीची गोष्ट सांगितली आणि त्याच दिवशी ठराव झाला.

गेल्या वर्षी सप्ताहाला गावी गेले होते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहारे वाटून घेतलेले असतात. रात्री दोन ते चार माझ्या भावाचा पहारा होता. मी चहा घेऊन मंडपात गेले. सतरंजीवर दोघं-तिघं झोपलेले, समईची वात संथ, आणि भाऊ वीणा घेऊन उभा, ओठांत नाम. चारला पाच मिनिटं असताना ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा डोळ्यांवर पाणी मारून आला. दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. तार एकदाही थांबली नाही. त्या पोराच्या खिशातून सप्ताहाला एक रुपयाही आला नसेल. वर्गणीच्या फळ्यावर त्याचं नाव नव्हतं. पण त्या वेळी सप्ताह त्याच्या एकट्याच्या खांद्यावर होता.

घरी आले तर आई जागीच होती. आता तिच्यानं गावभर चालवत नाही. मंगळवारी परडी हातात घेऊन शेजारच्या पाच उंबऱ्यांपर्यंत तेवढी जाते. मी वर्षभरात किती रक्कम जमवली हे तिनं आजवर कधी विचारलेलं नाही. तिचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो तिनं त्या पहाटेही विचारला.

"औंदा किती घरं झाली गं?"

"चारशे बारा," मी म्हटलं.

तिनं देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि बोट माझ्या कपाळाला टेकवलं.